घळी आणि माती : चंद्रपूर-गडचिरोलीच्या ग्रॅनाइटी टेकड्यांतील धुपेचा अभ्यास

मृग नक्षत्राचा पहिला जोरदार पाऊस ओसरल्यावर धानोरा किंवा कुरखेडा भागातील एखाद्या ओढ्याच्या काठी घटकाभर उभे राहावे. दाट जंगलातून येणाऱ्या ओहोळाचे पाणी किंचित गढूळ, पण बऱ्यापैकी निवळ असते. उघड्या पडलेल्या टेकडीवरून येणारा ओहोळ मात्र तांबडालाल असतो आणि पाणी उतरले की त्याच्या पात्रात भरड, टोकदार वाळूचा थर मागे राहतो. पाऊस तोच, उतारही जवळपास तोच. मग हा फरक का पडावा? या प्रश्नाचे अर्धे उत्तर झाडोऱ्यात आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. उरलेले अर्धे उत्तर जमिनीच्या पोटात आहे आणि त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

जमिनीची धूप थांबविण्याची कामे आपल्या राज्यात अनेक वर्षे होत आली आहेत. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांतून, १९८३ पासून सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रमातून आणि पुढे जलयुक्त शिवार अभियानातून बांध, चर व नाला-बंधारे यांची मोठी कामे उभी राहिली. राज्याचा सुमारे चार पंचमांश भाग काळ्या खडकाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. त्यामुळे कामांचे सर्वसाधारण नमुने त्या भूमीस अनुसरून रूढ व्हावेत, हे स्वाभाविकच होते. राज्याच्या पूर्व टोकाची भूमी मात्र निराळ्या खडकाची आहे. जे काम काळ्या खडकाच्या डोंगरावर हितकारक ठरते, तेच ग्रॅनाइटच्या झिजलेल्या टेकडीवर जसेच्या तसे केल्यास कधी कधी नव्या घळीचे निमित्त होऊ शकते. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी मातीचे कोणते गुण पाहावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भूमीची घडण

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. या दोन जिल्ह्यांच्या भूमीत मोठी विविधता आढळते. वरोऱ्याकडे बेसाल्ट व त्याची काळी माती आहे. राजुरा-कोरपना भागात चुनखडक आहे. चंद्रपूर-बल्लारपूर परिसरात कोळसा पोटात घेतलेले गोंडवनी खडक आहेत. परंतु नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या पूर्वेकडील तालुक्यांचा बराच भाग आणि वैनगंगेपलीकडील गडचिरोली जिल्ह्याचा मोठा भाग ग्रॅनाइट व पट्टिताश्म या अतिप्राचीन खडकांवर वसलेला आहे. दख्खनचा काळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. हे खडक त्याहून कितीतरी पटींनी जुने, आर्कियन काळातील होत. टिपागड, सुरजागड व भामरागड या डोंगररांगा याच प्राचीन भूमीवर उभ्या आहेत. सुरजागडच्या माथ्यावर लोहखनिजाचे कठीण थर आहेत. पायथ्याकडील व मधल्या पट्ट्यातील लहान-मोठ्या टेकड्यांत मात्र ग्रॅनाइट व पट्टिताश्म जागोजागी उघडे दिसतात.

या प्रदेशात वर्षाकाठी सर्वसाधारणपणे १२०० ते १५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. टेकड्यांवरून उतरणारे पाणी गाढवी, सती, खोब्रागडी, कठाणी अशा नद्यांतून वैनगंगेस मिळते. वैनगंगा व वर्धा यांच्या संगमातून प्राणहिता होते आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. टेकडीवरून सुटलेला वाळूचा कण याच वाटेने निघतो. पण त्या वाटेवर पहिला मुक्काम बहुधा गावच्या तलावात किंवा धानाच्या बांधीत होतो. नुकसानीचा पहिला फटका गावास बसतो, तो यामुळेच.

येथील शेतकऱ्यांनी मातीची पारख पूर्वीच केलेली आहे. जुन्या जमीनबंदोबस्ताच्या कागदपत्रांतून कन्हार, मोरांड, खरडी, वरडी, बरडी अशी नावे आढळतात. कन्हार म्हणजे खोलगट भागातील भारी काळी जमीन, मोरांड मध्यम, खरडी त्याहून हलकी. वरडी तांबूस व रेताड, तर बरडी उंचवट्यावरील खडेमिश्रित, उथळ जमीन. घळींचा प्रश्न मुख्यतः या शेवटच्या दोन प्रकारांच्या जमिनींत उद्भवतो. कोणत्या जमिनीत पाणी थांबते आणि कोणत्या जमिनीतून ते माती घेऊन पळते, हे या नावांतच सूचित झालेले आहे.

खडकाची माती होताना

ग्रॅनाइटमध्ये मुख्यतः तीन खनिजे असतात : गारगोटीच्या जातीचे क्वॉर्ट्झ, फेल्स्पार आणि अभ्रक. पावसाचे पाणी हवेतील व जमिनीतील कर्बाम्ल वायू घेऊन खडकाच्या भेगांत शिरते. काळे अभ्रक फुगते व खडकास सूक्ष्म तडे पाडते. फेल्स्पार हळूहळू बदलून त्याची पांढरी चिकणमाती होते. क्वॉर्ट्झवर मात्र पाण्याचा परिणाम जवळजवळ होत नाही. त्याचे कण टोकदार वाळूच्या रूपाने जसेच्या तसे उरतात. परिणामी खडकाचा आकार कायम राहतो, पण त्यातील कणांना धरून ठेवणारी पकड सुटते. दिसायला तो खडक, पण पहारीच्या एका घावात त्याचा भुगा होतो. यालाच आपण व्यवहारात मुरूम म्हणतो.

रस्त्यासाठी कापलेल्या टेकडीची उभी बाजू पाहिली तर हे थर स्पष्ट दिसतात. सर्वांत वर पालापाचोळ्याच्या कुजीने काळपटलेली माती असते. ती काही बोटे, फार तर वीतभर जाडीची. तिच्याखाली लालसर घट्ट थर असतो. वरून झिरपलेली चिकणमाती आणि लोहाचे प्राणिद यांच्यामुळे त्यास रंग आणि बळकटी येते. त्याखाली फिकट, गुलाबी-पांढुरका, भुसभुशीत मुरूम लागतो. यात वाळू व पोयटा अधिक आणि चिकणमाती कमी असते. मधूनमधून न झिजलेल्या खडकाचे गोल गोटे अडकलेले दिसतात. मुरमाची जाडी कोठे हात-दोन हात, तर कोठे विहिरीच्या निम्म्या खोलीइतकी असते. त्याखाली कठीण खडक लागतो.

काळ्या खडकाशी तुलना केली म्हणजे भेद ध्यानी येतो. बेसाल्टमध्ये क्वॉर्ट्झ जवळजवळ नसते. तो झिजला की शेवटी चिकणमाती उरते. ग्रॅनाइट झिजला की चिकणमातीबरोबर वाळूही उरते, आणि ती वाळू मुख्यतः खालच्या थरात, बंधनाविना पडलेली असते. म्हणजेच ग्रॅनाइटी टेकडीची सर्वांत बळकट माती वर, पातळ सालीसारखी असते आणि सर्वांत कमकुवत माती तिच्याखाली दडलेली असते. पुढील सर्व विवेचनाचा आधार हीच गोष्ट आहे.

धुपेशी संबंधित चार गुण

पहिला गुण कणांच्या आकाराचा. ०.००२ मिलिमीटरपेक्षा लहान कणांस चिकणमाती म्हणतात, तर वाळूचे कण २ मिलिमीटरपर्यंत असतात; पोयटा या दोहोंच्या मधला. चिकणमातीचे कण परस्परांस चिकटून राहतात, म्हणून पाण्यास ते सहजी सुटे करता येत नाहीत. मोठे खडे वजनामुळे जागचे हलत नाहीत. सर्वांत सहज सुटतात ते मधले, म्हणजे बारीक वाळू व जाड पोयट्याचे कण. त्यांना चिकटपणा नसतो आणि वजनही नसते. ग्रॅनाइटी मुरमात याच कणांचा भरणा मोठा असतो.

दुसरा गुण संसक्तीचा, म्हणजे कणांच्या परस्परांतील पकडीचा. लाल थरात लोहाचे प्राणिद भिंतीतील चुन्यासारखे काम करतात. मुरमाची पकड मात्र फसवी असते. उन्हाळ्यात मुरमाची कड भिंतीसारखी उभी राहते आणि पाहणाऱ्यास ती पक्की वाटते. वस्तुतः कणांमधील ओलाव्याच्या पातळ पापुद्र्यांच्या ताणामुळे ती तोलून धरलेली असते. सततच्या पावसाने सारी पोकळी पाण्याने भरली की हा ताण नाहीसा होतो, मुरमाचे वजन वाढते आणि पकड झपाट्याने घटते. चैत्र-वैशाखात निश्चल उभी असलेली कड श्रावणात एकाएकी ढासळते, याचे कारण हे आहे.

तिसरा गुण मातीच्या कणसमूहांच्या टिकावाचा. चांगल्या वनमातीत सुटे कण एकत्र येऊन त्यांचे रवाळ पुंजके बनतात. कुजलेला पाला, बारीक मुळे, बुरशीचे धागे आणि लोह हे त्यांस बांधून ठेवतात. असे पुंजके पाण्यात पडले तरी लगेच विरघळत नाहीत. सेंद्रिय द्रव्य घटले की ते फुटतात, सुट्या कणांनी जमिनीची रंध्रे बुजतात, पृष्ठभागावर पापुद्रा धरतो आणि पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते.

चौथा गुण पाणी मुरण्याच्या गतीचा. जंगलाखालील वरची माती पाणी सहज पिते. लाल थर ते सावकाश घेतो. त्याखालच्या मुरमातून ते पुन्हा वेगाने उतरते. जोवर लाल थर अखंड आहे, तोवर मुरमात पाणी मापाने जाते. त्यास भगदाड पडले की पाणी थेट मुरमात शिरते आणि त्याची पकड आतून सैल करते.

१९७८ साली अमेरिकेतील विशमायर व स्मिथ या शास्त्रज्ञांनी धुपेचे जे सुधारित समीकरण प्रसिद्ध केले, त्यातही मातीची धूपशीलता ठरविताना बारीक वाळू व पोयट्याचे प्रमाण, सेंद्रिय द्रव्य, मातीची रचना आणि पाणी पाझरण्याची क्षमता यांचाच विचार केला आहे. मात्र ते समीकरण थराथराने होणारी धूप व लहान ओघळी यांच्यापुरते आहे; घळींना ते लागू पडत नाही. घळीत वरची माती किती धुपते यापेक्षा खालचा थर किती कमकुवत आहे, हेच निर्णायक असते.

घळ कशी वाढते

घळीचा आरंभ फार क्षुल्लक गोष्टीतून होतो. बैलगाडीची चाकोरी, गुरांची नेहमीची वाट, लाकडाचे ओंडके ओढून नेल्याचा माग, रस्त्याच्या मोरीतून एका जागी सोडलेले पाणी, किंवा उतारावर चुकीच्या पातळीत खोदलेला चर, यांपैकी कोणतेही कारण पुरेसे असते. मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाला जाळला जातो आणि ती आग कधी कधी टेकडीभर पसरते. अशी टेकडी पावसाच्या तोंडावरच उघडी पडते.

पाणी एका ओघळीत एकवटले की त्याचा वेग वाढतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर तो वाहून नेऊ शकणाऱ्या सर्वांत मोठ्या खड्याचे वजन सुमारे ६४ पट होते, असा जलशास्त्रातील ठोकताळा आहे. पाण्याचे परिमाणही ध्यानात घ्यावे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. पाच हेक्टरांच्या उतारावर ५० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातील निम्मे पाणी वाहिले, तरी साडेबारा लाख लिटर पाणी एका ओघळीच्या तोंडाशी येते.

ओघळ लाल थरात आहे तोवर ती हळूहळू खोल होते. ज्या दिवशी तिचा तळ मुरमास लागतो, त्या दिवसापासून तिचे स्वरूप पालटते. तेथे लहानसा धबधबा तयार होतो. पडणारे पाणी खालचा मुरूम उकरून काढते, वरचा लाल थर छज्जासारखा पुढे उरतो आणि आधार सुटताच कोसळतो. कोसळलेली माती पुढच्या पावसात वाहून जाते, कड पुन्हा उभी होते आणि हाच क्रम चालू राहतो. अशा रीतीने घळीचे डोके उताराच्या वरच्या दिशेने सरकत जाते. तळाशी कठीण खडक लागला की खोली वाढणे थांबते. पण बाजूच्या कडा भिजून ढासळत राहतात आणि घळ रुंदावत जाते. म्हणून तळास खडक लागला, आता घळ थांबली, असे मानणे चुकीचे ठरते.

या प्रक्रियेचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण दक्षिण चीनमध्ये पाहावयास मिळते. तेथील ग्वांगडोंग, जिआंगशी, फुजियान आदी प्रांतांत ग्रॅनाइटची झीज अनेक मीटर खोलवर झालेली असून कडा ढासळून बनलेल्या घळींस तेथे ‘बेंगगांग’ म्हणतात. २००५ च्या पाहणीत अशा सुमारे २ लक्ष ३९ हजार घळी मोजल्या गेल्या. मादागास्कर बेटावरील खोल झिजलेल्या टेकड्यांतील घळींस ‘लवाका’ हे नाव आहे. आपल्याकडील मुरूम त्यामानाने उथळ असल्याने घळी एवढ्या विक्राळ होत नाहीत. परंतु वर बळकट साल आणि खाली सैल मुरूम ही मूळ रचना तीच आहे. चिनी अभ्यासकांनाही तेथे हेच आढळले, की खालचा वालुकामय थर पाण्याने भिजला की त्याची पकड वरच्या लाल थरापेक्षा फार लवकर ढळते.

तलाव काय सांगतो

पूर्व विदर्भ हा तलावांचा प्रदेश आहे. गोंड राजांच्या काळापासून येथे तलाव बांधले गेले आणि कोहळी समाजाने या कामात विशेष कौशल्य मिळविले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आल्यावर हे तलाव शासनाकडे आले. आज आपण त्यांस माजी मालगुजारी तलाव म्हणतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत त्यांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. यांच्या पाण्यावर धानाचे पीक उभे असते. तलावाचे पाणलोट क्षेत्र बहुधा टेकडीवरील जंगलात, म्हणून टेकडीवर घळ पडली की तिचा हिशेब तलावात जमा होतो.

हा हिशेब किती मोठा असतो, हे एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. ६० मीटर लांब, वर ४ मीटर रुंद व २ मीटर खोल अशी त्रिकोणी छेदाची एक घळ घेतली, तर तिच्यातून २४० घनमीटर माती गेलेली असते. घनमीटरास दीड टन धरल्यास हे वजन ३६० टन होते. तीन घनमीटरांच्या ट्रॉलीने ती माती परत आणावयाची म्हटली, तर ८० खेपा कराव्या लागतील. टेकडीवर अशा चार घळी असल्या तर गावतलावाची पाणीसाठवण किती घटेल, याचा अंदाज प्रत्येक गावास बांधता येईल.

तलावातील गाळही पुष्कळ काही सांगतो. उन्हाळ्यात तलाव आटल्यावर पाणी आत येण्याच्या तोंडाशी जाऊन पाहावे. तेथे बारीक, तपकिरी, मऊ गाळ असेल, तर पाणलोटातील वरची माती थराथराने धुपत आहे, असे समजावे. तेथे भरड, टोकदार, पांढुरकी वाळू पंख्यासारखी पसरलेली असेल, तर वर कोठे तरी घळ मुरमापर्यंत पोहोचली आहे, हे निश्चित जाणावे. पहिल्या प्रकारचा गाळ शेतात टाकण्यास उपयुक्त असतो. दुसऱ्या प्रकारच्या वाळूने शेताचा कस वाढत नाही. २०१७ पासून राबविल्या गेलेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ यांसारख्या योजनेतून तलाव उपसताना हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. आणि वरची घळ तशीच ठेवून खालचा तलाव उपसणे म्हणजे दर काही वर्षांनी तोच खर्च पुन्हा करणे होय.

शाळेत करता येण्याजोग्या परीक्षा

वर सांगितलेले गुण पाहण्यासाठी प्रयोगशाळाच हवी असे नाही. शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह एखाद्या कापलेल्या उतारावर जाऊन वरची माती, लाल थर व मुरूम यांचे वेगवेगळे नमुने आणावेत आणि पुढील चार परीक्षा कराव्यात.

१. बाटलीची परीक्षा : काचेच्या बाटलीत एक तृतीयांश माती व वर पाणी घालून चिमूटभर धुण्याचा सोडा टाकावा, खूप हलवावे आणि स्थिर ठेवावे. वाळू मिनिटभरात, पोयटा काही तासांत व चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत बसत जाते. थरांची जाडी पट्टीने मोजून प्रमाण काढावे.

२. ढेकळाची परीक्षा : प्रत्येक थराचे बोराएवढे वाळलेले ढेकूळ पाण्याने भरलेल्या पेल्यात अलगद सोडावे. मिनिट-दोन मिनिटांत जे विरघळून ढीग होते, ती माती घळीस अनुकूल समजावी. दहा मिनिटांनंतरही जे आकार धरून राहते, ती माती बळकट.

३. वळीची परीक्षा : ओली माती तळहातावर वळून तिची बारीक वळी करून पाहावी. लाल थराची वळी होते. मुरमाची होत नाही, ती तुटते.

४. मुरण्याची परीक्षा : दोन्ही बाजू उघडा केलेला पत्र्याचा डबा जमिनीत चार बोटे रोवून त्यात ठरावीक पाणी ओतावे आणि ते मुरण्यास लागणारा वेळ मोजावा. जंगलात, गुरांच्या वाटेवर, उघड्या लाल थरावर आणि मुरमावर अशी चार ठिकाणी तुलना करावी.

या परीक्षांचे निष्कर्ष तक्त्यात लिहून ग्रामपंचायतीकडे दिल्यास त्यांचा उपयोग प्रत्यक्ष कामाच्या आखणीत होईल. यासोबत लाल थर किती जाड आहे, हे चार-सहा ठिकाणी खड्डा घेऊन मोजावे. हा एक आकडा सर्वांत मोलाचा आहे.

कामाचा क्रम आणि टाळावयाच्या चुका

पहिली गोष्ट, साल राखणे. जेथे लाल थर व त्यावरील झाडोरा शाबूत आहे, तेथे खोदकाम न करणे हेच मृदसंधारण होय. सलग समतल चर साधारणतः एक ते दोन फूट खोल खोदला जातो. लाल थर वीत-दीड वीतच जाडीचा असेल, तर असा चर त्यास भेदून थेट मुरमात उतरतो. मग आपणच मुरमात पाणी सोडण्याची वाट तयार करतो. अशा ठिकाणी उथळ चर, दगड-मातीच्या कमी उंचीच्या ओळी किंवा समपातळीवर लावलेल्या गवताच्या पट्ट्या अधिक हितकारक ठरतात. घळीच्या डोक्याच्या निकट तर चर मुळीच खोदू नयेत.

दुसरी गोष्ट, डोक्याचे पाणी वळविणे. घळीचा उपचार तळापासून सुरू करण्याची प्रवृत्ती असते. पण डोक्यावरून पाणी पडत राहिले, तर खालचे सारे काम व्यर्थ जाते. डोक्याच्या उंचीच्या निदान दोन-तीन पट अंतरावर, वरच्या बाजूस, मातीचा लहान बांध घालून पाणी गवताळ, पक्क्या जागी सावकाश वळवावे. ते एकाच धारेने दुसरीकडे सोडले, तर तेथे दुसरी घळ सुरू होईल, याचे भान ठेवावे.

तिसरी गोष्ट, तळात पायऱ्या करणे. अनघड दगडांचे लहान बांध घळीत एकाखाली एक असे घालावेत, की खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीस येईल. एक मीटर उंचीच्या बांधास तळाचा उतार शेकडा ५ असेल तर अंतर २० मीटर, आणि शेकडा १० असेल तर १० मीटर येते. येथे ग्रॅनाइटी प्रदेशाच्या दोन अडचणी उद्भवतात. एक, येथील गोटे गोल असतात, ते एकमेकांत अडकत नाहीत व पुरात घरंगळतात. म्हणून टोकदार दगड वापरावेत, नाहीतर गोटे तारेच्या जाळीत बांधावेत. दुसरी, दगडांच्या फटींतून पाणी मागील बारीक मुरूम ओढून नेते व बांध आतून पोकळ होतो. म्हणून वरच्या अंगास खडी व गवताचा थर द्यावा. बांधाची टोके दोन्ही काठांत खोलवर रोवावीत आणि मध्यभाग टोकांपेक्षा सखल ठेवावा, म्हणजे पाणी काठ न पोखरता मधूनच ओसंडेल. बांबू मुबलक असलेल्या भागात लहान घळींसाठी बांबूच्या विणलेल्या कुडाचे बांधही उपयोगी पडतात.

चौथी गोष्ट, लागवडीची. उघडा मुरूम निकस असतो व त्यात ओल टिकत नाही. त्यावर थेट रोपे लावल्यास ती बहुधा मरतात. बांधामागे गाळ साचल्यावर प्रथम गवत, वाळा व निर्गुडी आणि नंतर बांबू लावावा. बांबूच्या कंदमुळांचे जाळे माती उत्तम धरते. मोठी झाडे घळीच्या अगदी काठावर लावू नयेत. वाऱ्यात हेलकावणारे वजन ढासळत्या कडेस अधिकच ओढते. ती काठापासून दूर, वरच्या उतारावर लावावीत.

आणि पाचवी गोष्ट, पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांतील देखभाल. एक निसटलेला दगड वेळीच बसविला, तर बांध टिकतो. न बसविल्यास त्याच फटीतून सारा बांध जातो.

जबाबदारी कोणाची

टेकडी वनखात्याची, शेत शेतकऱ्याचे, तलाव शासनाचा, रस्ता बांधकाम खात्याचा. पाणी मात्र या सर्वांवरून एकाच वाटेने वाहते. म्हणून घळीचा विचार पाणलोटनिहाय आणि सर्वांनी एकत्र बसून करावा लागतो. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ अन्वये वनहक्कधारकांस व ग्रामसभेस लगतचे पाणलोट क्षेत्र व जलस्रोत यांचे रक्षण करण्याचा अधिकार मिळाला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मान्य झाला. पुढे गडचिरोली जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांना असे हक्क मिळाले आहेत. वनव्यवस्थापनाचा आराखडा तयार करताना बांबू व तेंदूपान यांच्या जोडीला घळींची नोंद, त्यांच्या डोक्यांची जागा व दरवर्षीची त्यांची वाढ ही बाब त्यात अवश्य असावी. घळीच्या डोक्याशी एक खुंटी ठोकून दर दिवाळीस अंतर मोजले, तरी ती नोंद पुरेशी आहे.

तांत्रिक साहाय्यासाठी नागपूर येथील राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था आणि सिंदेवाही येथील कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र जवळच आहेत. कृषी सहायक, वनरक्षक आणि शिक्षक यांनी एक दिवस एकत्र टेकडीवर जाऊन खड्डे घेतले, तर कोणत्या उतारावर चर योग्य, कोणत्या उतारावर केवळ गवत योग्य आणि कोणत्या उतारास हातही लावू नये, हे त्याच दिवशी ठरू शकते. अंदाजपत्रक त्यानंतर करावे. काम आधी व मातीची पाहणी मागाहून, हा क्रम या प्रदेशास परवडणारा नाही.

तलावाच्या पाळीवर उभे राहून गावकरी दरवर्षी पाणी किती भरले, हे पाहतात. त्याच वेळी पाणी आत येण्याच्या तोंडाशी जाऊन पांढुरकी वाळू किती वाढली, हेही पाहावे. वाळू वाढत असेल, तर वरच्या टेकडीची साल कोठे तरी फाटली आहे. ती जागा शोधून पुढील पावसाळ्यापूर्वी तेथील पाणी वळविले, तर थोड्या माणसांच्या काही दिवसांच्या श्रमात जे साधते, ते पाच वर्षांनी मोठ्या खर्चानेही साधणार नाही.